एकाच आगीची लेकरं: मॉरिशसचं बेट, तिथला पाऊस आणि आपला सह्याद्री

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने विचारलंय, मॅडम, आम्ही दोघं ऑगस्टमध्ये मॉरिशसला जाऊन आलो, क्युअरपीपला राहिलो होतो, तिथं तीन दिवस नुसती झिमझिम, रात्री स्वेटर घालून झोपायची वेळ, आणि टॅक्सीने तासाभरात फ्लिक-आँ-फ्लाकच्या बीचवर गेलं की लख्ख ऊन आणि कोरडी वाळू. एवढ्याशा बेटावर असं कसं? आणि मुळात एवढ्या खोल समुद्रात मधेच बेट आलं कुठून, आणि ते डोंगराळ तर मग मालदीव ताटासारखं सपाट का? सोबत तिने उसाच्या शेताच्या कडेला काढलेला एका काळ्या, भोकाभोकांच्या दगडाचा फोटो पाठवलाय.

बघ, तुला वाटतंय की हे तीन वेगळे प्रश्न आहेत पण माझ्या मते प्रश्न एकच आहे. समुद्रातल्या बेटाचं वय कळलं की त्याची उंची कळते, आणि उंची कळली की तिथं पाऊस कुठं आणि कसा पडणार याचा निम्मा अंदाज बांधता येतो. उरलेला निम्मा वाऱ्याकडून कळतो. मी सगळं आयुष्य बेसॉल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या दगडात, काढलं, सह्याद्रीत घाटाघाटांतून लाव्ह्याचे थर मोजत फिरले, आणि मॉरिशस आणि रियुनियनला दोनदा जाऊन आले, त्यामुळे हा विषय निघाला की मला थोडक्यात आवरता येत नाही, तेव्हा निवांत वाच.

आधी तुझा दगड. माझ्या टेबलावर आत्ता असेच दोन आहेत. एक खंबाटकी घाटातला, एक मॉरिशसचा. दोन्ही काळे, दोन्ही जड, दोन्हींत भोकं. ही भोकं म्हणजे लाव्ह्यात अडकलेले वायूचे बुडबुडे, लाव्हा वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि सोडा बाटलीचं झाकण उघडल्यावर होतं तसं आतला वायू फसफसतो, मग लाव्हा थिजतो आणि बुडबुड्याचा साचा तसाच राहतो. फरक कुठं आहे तर मॉरिशसच्या दगडातली भोकं रिकामी आहेत, बोट फिरवलं की खरखरीत लागतात, आणि भिंगातून बघितलं तर मधेमधे काचेच्या चुऱ्यासारखे हिरवट कण दिसतात, ते ऑलिव्हिन नावाचं खनिज. खंबाटकीच्या दगडातली भोकं बहुतेक भरलेली आहेत, पांढऱ्या, कुठं गुलाबीसर स्फटिकांनी, त्यांना झिओलाइट म्हणतात, आणि ऑलिव्हिन बहुतेक कुजून तपकिरी झालंय. म्हणजे एक दगड ताजा आहे आणि एकात कोट्यवधी वर्षं पाणी मुरलंय. बाकी दोघांचं कूळ एकच, आणि हे मी नुसतं बोलायचं म्हणून म्हणत नाहीये.

पृथ्वीच्या पोटात, कवचाच्या खाली जे प्रावरण आहे, त्यात काही ठिकाणी खूप खोलून तापलेला पदार्थ हळूहळू वर येत राहतो, अशा जागेला हॉटस्पॉट म्हणायची पद्धत आहे. हवाईची बेटं एका रांगेत का आहेत हे सांगताना टुझो विल्सन या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये ही कल्पना मांडली. शिवणयंत्राची सुई कशी जागच्या जागी वरखाली होते आणि कापड पुढे सरकत राहतं, तसं, हॉटस्पॉट साधारण जागेवर, आणि वरची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा, सरकणारी. कापडावर जशी टाक्यांची ओळ उमटते तशी समुद्रतळावर ज्वालामुखींची ओळ उमटते. सुई अगदीच खिळ्यासारखी पक्की नसते, थोडीफार हलते, पण ओळ दिसण्याइतकी ती नक्कीच जागेवर राहते.

आता हिंदी महासागरातली ओळ बघ. आज ती सुई रियुनियन बेटाखाली आहे. तिथपासून उलटं मागे जात राहिलं की आपण पोचतो थेट महाराष्ट्रात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला भूभाग विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता, साधारण आज रियुनियन आहे त्या अक्षांशाच्या आसपास, आणि या हॉटस्पॉटने जेव्हा पहिल्यांदा जोर केला तेव्हा वर आपण होतो. त्यातून जो लाव्हा वाहिला तो म्हणजे दख्खनचं पठार, आज झिजून उरलेलंसुद्धा पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात, आणि पश्चिम घाटात थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. आपण ट्रेकला जातो तेव्हा कड्यावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ना, राजगडाला, हरिश्चंद्रगडाला, ते लाव्ह्याचे एकावर एक थर आहेत.

मग भारत उत्तरेला निघाला, त्या काळी वर्षाला १५ सेंटीमीटरहून जास्त वेगाने, प्लेटच्या हिशोबात हे म्हणजे धावणंच, आणि सुई त्याच्या मागे समुद्रतळावर टाके घालत गेली. लक्षद्वीपखालचा पाया नेमका कसला, यावर आमच्यात अजून वाद चालतात, पण मालदीव, मग त्याच्या दक्षिणेची चागोस बेटं, ही ओळ स्पष्ट आहे. १९८७ मध्ये जॉइडिस रेझोल्यूशन नावाच्या जहाजाने या सगळ्या रांगेवर समुद्रतळाला भोकं पाडून खालचा बेसॉल्ट वर काढला आणि त्याची वयं मोजली, मालदीवजवळ सुमारे ५.७ कोटी वर्षं, चागोसच्या उत्तरेला ४.९ कोटी. पुढं एक गंमतीची गोष्ट झाली, समुद्राच्या मध्यातून जाणारी जी पर्वतरांग आहे, जिथं दोन प्लेटा एकमेकींपासून दूर होतात, ती रांगच सरकत सरकत हॉटस्पॉटच्या वरून गेली, त्यामुळे सुई भारताच्या कापडाखालून आफ्रिकेच्या कापडाखाली आली. म्हणून नकाशावर चागोस एकीकडे आणि समुद्राखालचं मस्करीन पठार पार दुसरीकडे दिसतं, पण त्या पठाराच्या दक्षिण भागातला ३.३ कोटी वर्षांचा बेसॉल्ट त्याच सुईचा. मग मॉरिशस, सुमारे ८०-९० लाख वर्षं. आणि त्याच्या नैर्ऋत्येला साधारण २०० किलोमीटरवर रियुनियन, जिथं आज उघड्यावर दिसणारे सर्वात जुने खडक वीसेक लाख वर्षांचे आहेत. वयं उतरत्या क्रमाने लागतात, इतकी नीट की पहिल्यांदा तो तक्ता बघितला तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

बेट उभं कसं राहतं तेही ऐक. समुद्र तिथं चार हजार मीटर खोल. एवढ्या खाली लाव्हा बाहेर आला की पाण्याने तो बाहेरून लगेच थिजतो, आतून मऊच असतो, मग कातडं फुटून पुढचा गोळा बाहेर येतो, असे उशीसारखे गोळे एकमेकांवर रचले जातात. लाखो वर्षं हे चालतं आणि वर कोणाला पत्ताही नसतो. डोंगर पाण्याच्या वर आला की मग खरा लाव्हा वाहायला लागतो, पातळ, लांबवर पसरणारा, त्यामुळे उतार सौम्य आणि आकार पालथ्या घातलेल्या परातीसारखा. रियुनियन हे पाण्यातून दिसतं तेवढंच नाही, तळापासून मोजलं तर सात किलोमीटर उंच आणि पायाशी दोनशे किलोमीटरहून जास्त रुंद असा तो डोंगर आहे, आपण फक्त त्याचं शेंडीचं टोक बघतो. त्यावरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी जगातल्या सर्वात कामसू ज्वालामुखींपैकी एक, वर्षा-दोन वर्षांत एकदा तरी जागा होतोच. एप्रिल २००७ च्या उद्रेकात खालचा मॅग्मा इतका रिकामा झाला की माथ्यावरच्या विवराचा तळच तीनशे मीटरहून जास्त खचला. मी तिथं गेले तेव्हा कडेला उभं राहून खाली बघताना एक विचार सारखा येत होता, आपल्या महाबळेश्वरला एके काळी हेच चाललं होतं, फक्त याच्या कितीतरी पटींनी मोठं.

आता मालदीव सपाट का. बेट ज्या दिवशी सुईवरून बाजूला सरकतं त्या दिवसापासून त्याचं खाली जाणं सुरू होतं. एक तर वरून पाऊस आणि लाटा त्याला झिजवतात, दुसरं म्हणजे खालची प्लेट थंड होत जाते, थंड झाली की जड होते आणि खाली बसते, आणि स्वतःच्या वजनानेही डोंगर तिला दाबतो. पण समुद्र जर कोमट असेल, साधारण २० अंशांच्या वर, आणि पाणी स्वच्छ, तर बेटाच्या कडेने प्रवाळ वाढतात. प्रवाळाला उजेड लागतो म्हणून ते खोल जाऊ शकत नाहीत, बेट खाली गेलं की ते वर वाढतात, मेलेल्या पिढीच्या सांगाड्यावर पुढची पिढी. बेट बुडत जातं, प्रवाळाचं कडं पृष्ठभागापाशीच राहतं, आणि शेवटी मधला डोंगर पूर्ण पाण्याखाली जातो आणि उरतं ते फक्त कडं आणि मधे उथळ पाणी. कंकणद्वीप. इंग्रजीत यासाठी जो अॅटॉल शब्द आहे तो मालदीवच्या धिवेही भाषेतूनच गेलाय.

हे सगळं चार्ल्स डार्विनने ओळखलं होतं, बोअर न मारता, नुसतं बघून. १८३६ च्या एप्रिलमध्ये तो कोकोस बेटांवर होता, तिथून पुढं मॉरिशसला आला, एप्रिलअखेर ते मेची सुरुवात असे थोडे दिवस राहिला. त्याचं म्हणणं सिद्ध व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली, १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटॉकवर अमेरिकनांनी बोअर मारली तेव्हा सव्वा किलोमीटरहून जास्त खोलीपर्यंत नुसता प्रवाळाचा चुनखडक लागला आणि त्याच्या खाली बेसॉल्ट. मालदीवमध्ये तर चुनखडकाची जाडी दोन किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे तू मालदीवला त्या पांढऱ्या वाळूवर उभी राहशील तेव्हा पायाखाली दोन किलोमीटर मेलेले प्रवाळ आणि त्याखाली आपला काळा दगड. वर जमीन किती, तर समुद्रापासून सरासरी दीड मीटर. रियुनियन, मॉरिशस, मालदीव ही एकाच बेटाची बाळपण, मध्यमवय आणि म्हातारपण असलेली तीन रूपं समज, मॉरिशसभोवती दीडशे किलोमीटरचं प्रवाळाचं कडं आताच तयार आहे.

सेशेल्सला मात्र या रांगेत बसवू नकोस, बरेच लोक बसवतात. तिथला मुख्य दगड ग्रॅनाइट आहे, ७५ कोटी वर्षांचा, तो खंडाचा तुकडा आहे, भारतापासून तुटून मागे राहिलेला. आणि मॉरिशसच्या पोटातही असलं काहीतरी असावं, कारण २०१३ मध्ये तिथल्या वाळूत आणि २०१७ मध्ये तिथल्या एका खडकात झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे कण सापडले, काही तर तीनशे कोटी वर्षांपर्यंतचे. ९० लाख वर्षांच्या बेटात तीनशे कोटी वर्षांचा कण, म्हणजे वर येताना लाव्ह्याने खालच्या कुठल्यातरी जुन्या, बुडालेल्या भूखंडाचा चुरा सोबत आणला असणार. पण बेट म्हणून जे उभं आहे ते लाव्ह्याचंच.

आता तुझी झिमझिम.

समुद्रातल्या बेटाचं तापमान समुद्र ठरवतो. पाण्याला एक अंश तापायला दगडाच्या साधारण पाच पट उष्णता लागते, शिवाय पाणी ढवळलं जातं, त्यामुळे समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. पुण्यात एप्रिलची दुपार आणि जानेवारीची पहाट यात तीस अंशांचा फरक पडतो, मॉरिशसला उन्हाळ्याची सरासरी २४.७ आणि हिवाळ्याची २०.४, चार-सव्वाचार अंशांचा खेळ सगळा. आणि ते दक्षिण गोलार्धात, २० अंशांवर, त्यामुळे तू गेलीस तो ऑगस्ट म्हणजे त्यांचा भर हिवाळा, हे जाताना टूरवाले सांगत नाहीत. त्यात क्युअरपीप साडेपाचशे मीटर उंचीवर, म्हणजे किनाऱ्यापेक्षा तीन-चार अंश थंड, रात्री १४-१५ पर्यंत उतरतं. स्वेटरचं कारण एवढंच.

पावसाचं कारण वारा. मादागास्करच्या आग्नेयेला, ३० अंश दक्षिणेच्या आसपास, समुद्रावर हवेच्या जास्त दाबाचा एक मोठा प्रदेश असतो, त्याला मस्करीन हाय म्हणतात, आपल्या पावसाळ्याच्या अंदाजांच्या बातम्यांत नाव ऐकलं असशील. तिथून विषुववृत्ताकडे जे वारे निघतात ते आग्नेय व्यापारी वारे, शाळेत शिकलेले, आणि मॉरिशस त्यांच्या बरोबर वाटेत बसलंय. हजारो किलोमीटर समुद्रावरून येताना ते ओल पितात, पण समुद्रावर नुसते वाहत असताना त्यांच्यातून फारसा पाऊस पडत नाही, कारण वर दीड-दोन किलोमीटरवर एक झाकण असतं, खाली उतरणाऱ्या कोरड्या, उबदार हवेचं, ढग त्याच्या वर वाढू शकत नाहीत, कापसाच्या पुंजक्यांसारखे छोटे ढग तरंगत राहतात. मग मधे बेट येतं. वारा पूर्वेच्या किनाऱ्यावरून चढायला लागतो, चढला की थंड होतो, थंड झाला की ओल धरून ठेवता येत नाही, आणि क्युअरपीपच्या डोक्यावर ढग दाटतो. हिवाळ्यात ते झाकण आणखी खाली उतरलेलं असतं, त्यामुळे ढग उथळ, धो धो पाऊस नाही, नुसती झिमझिम, पण दिवसभर. तोच वारा पठार ओलांडून पश्चिमेला उतरला की दाबला जाऊन तापतो, ढग विरतो, आणि फ्लिक-आँ-फ्लाकला लख्ख ऊन. पठाराच्या ओल्या भागात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास, पश्चिम किनाऱ्यावर ८००-९००. आणि या दोघांत अंतर वीस-पंचवीस किलोमीटर.

यात तुला नवल वाटायला नको खरं तर, तू वाईची आहेस. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर आणि घाट उतरून वाईला आलं की जेमतेम सातशे-आठशे, तोच प्रतिरोध पाऊस, तीच पर्जन्यछाया, फक्त दिशा उलटी. आपल्याकडे पश्चिम भिजते, तिथं पूर्व.

आणि नुसतं तेवढंच नाही. जून आला की मस्करीन हायचा जोर वाढतो, तेच आग्नेय वारे मॉरिशसवरून, मादागास्करच्या उत्तरेने जात विषुववृत्त ओलांडतात, आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत वळतात, तिथं त्यांचा सोमाली जेट नावाचा वेगवान प्रवाह होतो, आणि अरबी समुद्रावरून ते नैर्ऋत्य मान्सून म्हणून आपल्या सह्याद्रीवर येऊन आदळतात. म्हणजे ऑगस्टमध्ये तू क्युअरपीपला खिडकीत उभी राहून जो वारा अंगावर घेत होतीस, त्याच प्रवाहाच्या पुढच्या टोकाला त्या आठवड्यात महाबळेश्वर भिजत होतं. दगड त्याच आगीचा आणि पाऊसही त्याच वाऱ्याचा, मला या गोष्टीचं इतक्या वर्षांनीही अप्रूप वाटतं.

उंची किती महत्त्वाची ते बघायचं असेल तर शेजारी शेजारी असलेली बेटं बघ. रॉड्रिग्ज, उंची ३९८ मीटर, तोच वारा, तोच समुद्र, पण वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर, पाण्याची नेहमी ओढाताण. मॉरिशस, सर्वात उंच शिखर ८२८ मीटर, बेटाची सरासरी दोन हजारांच्या आसपास. रियुनियनचा पितों दे नेज ३,०७१ मीटर, आणि पूर्वेच्या उतारावर काही जागी दहा हजार मिलिमीटरहून जास्त, तर पश्चिमेला सें-जिलच्या बाजूला पाच-सहाशे. गंमत म्हणजे माथ्यावर सर्वात जास्त पाऊस नसतो, तो असतो मधल्या उतारावर, कारण माथा त्या झाकणाच्या वर निघून जातो. मी पहाटे माथ्याजवळ उभी होते, वर निळंशार कोरडं आभाळ, पायाखाली कापूस पिंजून टाकल्यासारखा ढगांचा समुद्र, आणि गवतावर चक्क दव गोठलेलं, उष्ण कटिबंधात. त्याच ढगाखाली पूर्वेच्या गावांत लोक छत्र्या घेऊन कामाला निघाले असणार.

हे झालं हिवाळ्याचं. नोव्हेंबर ते एप्रिल सगळं बदलतं. विषुववृत्तालगतचा ढगांचा पट्टा दक्षिणेला सरकतो, समुद्र २७-२८ अंशांवर जातो, झाकण सैल होतं, आणि चक्रीवादळं येतात. वादळाला दोन गोष्टी लागतात, तापलेला समुद्र आणि पृथ्वीच्या फिरण्याने मिळणारा पीळ, आणि हा पीळ विषुववृत्ताजवळ जवळजवळ शून्य असतो, म्हणून सेशेल्सच्या मुख्य बेटांना आणि मालदीवला वादळं सहसा शिवत नाहीत आणि मॉरिशस-रियुनियन मात्र बरोबर माऱ्यात. तिथं ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, आपल्या उलट. १९६० मध्ये जानेवारीत अॅलिक्स आणि फेब्रुवारीच्या शेवटी कॅरोल अशी दोन लागोपाठ आली, कॅरोलमध्ये वाऱ्याचा झोत ताशी २५६ किलोमीटर नोंदला गेला, लाकडी-पत्र्याची घरं साफ झाली, आणि त्यानंतर मॉरिशसने सिमेंट काँक्रीटची घरं बांधायला घेतली. तुला तिथली घरं अशी ठोकळ्यासारखी का दिसली, याचं उत्तर त्यात आहे.

उंच डोंगर आणि चक्रीवादळ एकत्र आले की काय होतं याची नोंद रियुनियनकडे आहे. ७-८ जानेवारी १९६६, फॉक-फॉक नावाच्या जागी, चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर. आपण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझचे ९४४ विसरलेलो नाही, त्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि फेब्रुवारी २००७ मध्ये गामेड वादळात कोमर्सों विवरापाशी तीन दिवसांत सुमारे ३,९३० मिलिमीटर. दोन्ही जागतिक विक्रम आहेत. एवढं पाणी पडल्यावर डोंगर किती झिजेल विचार कर, मध्यावर माफात, सिलाओस, सालाझी या तीन प्रचंड खोल दऱ्या आहेत, उभ्या कड्यांच्या, ताज्या. म्हणजे उंची पाऊस आणते आणि पाऊस ती उंची खातो. मॉरिशस याच वाटेने खाली आलंय. तिथं जे वाकडेतिकडे सुळके दिसतात, पोर्ट लुईच्या मागचे, ब्लॅक रिव्हरचे, ती जुन्या मोठ्या परातीची उरलेली कड आहे, आणि मधलं पठार नंतरच्या लाव्ह्याने भरलेलं. क्युअरपीपमध्ये त्रू ओ सेर्फचं विवर बघितलंस ना, झाडीने भरलेलं, ते या नंतरच्या काळातलं.

एक नाव इथं सांगितलंच पाहिजे, चार्ल्स मेल्ड्रम. हा गृहस्थ १८४६ मध्ये मुंबईच्या शिक्षण खात्यात आला, १८४८ मध्ये मॉरिशसला गणित शिकवायला गेला, आणि तिथं १८५१ मध्ये हवामान संस्था काढली. बंदरात येणाऱ्या जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून, कुठल्या जहाजाला कुठल्या वेळी कुठून वारा लागला ते नकाशावर मांडून, तो वादळांचे मार्ग काढायचा. उपग्रह नाही, रेडिओ नाही. हे काम मला फार मोठं वाटतं.

मालदीवचं मात्र वेगळं, तिथं डोंगर नाही म्हणून पाऊस नाही असं समजू नकोस. ते विषुववृत्ताजवळ आहे, तापलेल्या समुद्रावरून हवा आपसूक वर चढते, दुपारी ढग उभे राहतात, शिवाय मान्सून आहेच, दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस तिथंही होतो. फरक असा की तो बेटामुळे पडत नाही, बेट असो नसो तो समुद्रावर पडणारच होता. त्यामुळे भिजकी बाजू-कोरडी बाजू असा प्रकार नाही, आणि नदी-ओढाही नाही. पडलेलं पाणी वाळूतून झिरपून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, गोडं पाणी हलकं म्हणून, भिंगाच्या आकाराचा साठा होतो. हिशोब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी मिळतं, आणि जास्त उपसा केला की तेवढ्याच पटीने खारं पाणी वर येतं. २००४ च्या त्सुनामीत कित्येक बेटांवरचा हा साठा खारट झाला, मालेमध्ये आज समुद्राचंच पाणी गोडं करून पितात. आणि १९९८ मध्ये समुद्र तापला तेव्हा तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. ज्या बेटाचा डोंगर कधीच बुडालाय त्याला वर धरून ठेवणारं दुसरं काही नाही, प्रवाळ वाढले तरच ते पाण्याच्या वर राहणार, याची मला मनापासून काळजी वाटते.

आणखी दोन छोट्या गोष्टी, कारण तू नक्की विचारशील. मॉरिशसमधल्या शामारेलची सात रंगांची माती, ती म्हणजे बेसॉल्टच कुजलेला, जोराच्या पावसाने विरघळणारं सगळं धुऊन नेलं आणि लोखंड आणि अॅल्युमिनियमची संयुगं उरली, लाल, तपकिरी, जांभळट. कोकणातला जांभा याच रीतीने झाला, रत्नागिरीच्या सड्यावर बेसॉल्टच्या डोक्यावर बसलेला. आणि मॉरिशसच्याच ल मोर्नजवळचा तो समुद्राखालचा धबधबा, व्हॉट्सअॅपवर फिरतो तो, तिथं पाणी कुठंही पडत नाही. प्रवाळकड्याच्या खिंडीतून वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर बाहेर ओढला जातो, पुढं तळ एकदम खोल होतो, आणि वरून बघताना फिकट-गडद रंगांमुळे पाणी कोसळल्याचा भास होतो. कड्याला अशा खिंडी बहुतेक नदीच्या मुखासमोर असतात, कारण गोडं आणि गढूळ पाणी प्रवाळाला सोसत नाही.

राहिला तुझा फोटो. त्या दगडाच्या मागे शेतात जो काळ्या दगडांचा मोठा ढीग दिसतोय, उसाच्या मधोमध, तसे ढीग मॉरिशसभर आहेत. जमीन लाव्ह्याची, दगडांनी भरलेली, ऊस लावायचा तर आधी दगड वेचायला हवेत, आणि ते वेचले गेले हाताने, आधी गुलामांच्या आणि १८३४ पासून करारावर आणलेल्या हिंदुस्थानी मजुरांच्या. त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली माणसं होती, रत्नागिरीकडची, साताऱ्याकडची, त्यांचेच वंशज आज तिथं मराठी म्हणवतात आणि गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते. एका ढिगापाशी मी बराच वेळ उभी होते. घरच्या बांधावरचा काळा दगड ज्यांनी लहानपणापासून उचलला होता, त्यांनी हजारो मैलांवर तोच दगड परत उचलला, एका आगीतून आलेला, सहा कोटी वर्षांनी धाकटा. त्यांना ते कळायची काही सोय नव्हती, पण दगड हातात घेतल्यावर ओळखीचा वाटला असेल असं मला आपलं वाटतं.

आता एक काम कर. तू पुण्यात राहतेस ना, पाऊस उघडला की वेताळ टेकडीवर जा, जुन्या खाणीच्या कडेने बघत चाल, भोकं असलेला काळा दगड दिसेल, भोकांत पांढरं काही भरलंय का बघ, नखाने टोकरून बघ, आणि तुझ्या मॉरिशसच्या फोटोशेजारी ठेवून फोटो काढून मला पाठव.